चेन झेनची गोष्ट तीस भागांत: मालिकालेखनात नव्याने येणाऱ्यांसाठी

मार्शल आर्ट्सचा जुना, गाजलेला चित्रपट मालिकेसाठी हातात आला की नवा लेखक आधी मारामाऱ्या मोजतो. चित्रपटात इतक्या आहेत, मालिकेचे भाग इतके, म्हणजे आणखी किती रचाव्या लागतील, असा हिशोब वहीत मांडतो. मुंबईत मालिकांच्या रायटर्स रूममध्ये बसायला लागल्यापासून हा हिशोब मी अनेकांच्या वहीत पाहिला आहे. तो सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं. त्याच्या जागी काय धरायचं, ते मी ज्या गोष्टीवरून शिकले तिच्याच आधाराने सांगते.

ती गोष्ट चेन झेनची. 1972 साली हाँगकाँगमध्ये 'फिस्ट ऑफ फ्युरी' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक लो वेई, नायक ब्रूस ली. काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, गाव शांघाय. जिंगवू ही कुस्ती-कसरतीची शाळा चालवणारे गुरू हुओ युआनजिया वारले आहेत आणि त्यांचा शिष्य चेन झेन अंत्यविधीला पोचतो आहे. तो थेट शवपेटीवरच झेप घेतो. पुढे शोकसभा चालू असताना जपानी दोजोची (मार्शल आर्ट्सच्या शाळेची) माणसं चिन्यांना 'पूर्व आशियाचे आजारी लोक' म्हणणारी पाटी भेट म्हणून आणून देतात. चेन झेन ती पाटी उचलून एकटा त्यांच्या दोजोत जातो, सगळ्यांना लोळवतो आणि पाटीवरचा कागद फाडून त्यांच्याच तोंडात कोंबतो. गुरूवर विषप्रयोग झाल्याचं त्याला कळतं, एकेकाचा सूड घेतला जातो आणि अखेर तो स्वतःला पोलिसांच्या हवाली करायला निघतो. रोखलेल्या बंदुकांकडे तो झेपावतो आणि पडद्यावर ती झेप तशीच गोठते.

हुओ युआनजिया ही इतिहासातली व्यक्ती. जन्म 1868 चा, मृत्यू 1910 चा, आणि जिंगवूची स्थापनाही 1910 चीच. चेन झेन मात्र काल्पनिक. नी क्वांग या लेखकाने घडवलेला. खऱ्या गुरूला खोटा शिष्य जोडला आणि तो शिष्य इतका खरा वाटला की पन्नास वर्षं त्याच्यावर चित्रपट आणि मालिका होत राहिल्या. 1981 मध्ये हाँगकाँगच्या दूरचित्रवाणीवर हुओ युआनजियांवर वीस भागांची मालिका आली. तिच्यात चेन झेनचं काम ब्रूस लेउंगने केलं. ते पात्र एवढं चाललं की पुढच्याच वर्षी चेन झेनच्या नावाची वेगळी मालिका निघाली. (हाच लेउंग 2004 च्या 'कुंग फू हसल'मध्ये बनियन आणि स्लीपर घातलेला खतरनाक म्हातारा म्हणून दिसतो. ज्यांनी तो पाहिलाय त्यांनी त्याचं तरुणपणीचं कामही शोधून पाहावं.) 1994 मध्ये जेट लीचा 'फिस्ट ऑफ लेजंड' आला. 1995 मध्ये एशिया टेलिव्हिजनने मूळ चित्रपटाच्याच नावाने तीस भागांची मालिका केली आणि तिचा नायक होता डॉनी येन. मी तुम्हाला अभ्यासाला सुचवते ती ही मालिका.

अभ्यास असा करा. आधी चित्रपट बघा आणि तो सुरू होण्याआधी काय काय होऊन गेलंय ते एका कागदावर लिहा. गुरू मेला आहे. चेन झेनचं शाळेतल्या एका मुलीशी लग्न ठरलेलं आहे. गुरुबंधूंमध्ये कोण मोठा, कोण धाकटा, हे ठरून गेलेलं आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात शत्रूचा माणूस घुसलेला आहे. चित्रपटाला हे सगळं आयतं हवं असतं, कारण त्याच्याकडे जेमतेम पावणेदोन तास आहेत आणि त्याला राग पेटवायचा आहे. मालिकेला हाच कागद म्हणजे घबाड. 1995 च्या मालिकेत गुरू जिवंत भेटतो. एडी को या नटाने तो केलाय. तो शिकवतो, रागावतो, लोकांच्या अडचणीत उभा राहतो. त्याचा मृत्यू येतो तेव्हा आपण त्याच्यासोबत बरेच भाग काढलेले असतात. चित्रपटात शवपेटीवरची झेप पाहून आपण चेन झेनच्या दुःखाकडे बघत राहतो. मालिकेत ते दुःख आपलंही असतं.

मालिका लांबवायची तर ती इथे. कोल्हापूरकडच्या वाचकांना हे लगेच उमगेल. वस्तादाने पठ्ठ्याला तालमीत कसं घडवलं, पहाटे किती जोर काढायला लावले, कोणती चूक पोटात घातली, हे ठाऊक असलेल्या गावाला त्या पठ्ठ्याची कुस्ती वेगळीच दिसते. आखाड्यातला डाव पाच मिनिटांचा, पण त्यामागची वर्षं प्रेक्षकाच्या डोक्यात असतात. ती वर्षं मालिका दाखवू शकते; चित्रपटाला ती गृहीत धरावी लागतात.

म्हणून माझं ठाम मत असं की चित्रपट चेन झेनचा असला तरी मालिका शाळेची असली पाहिजे. हे मी वरून लादत नाही, मूळ कथेतच ते आहे. शेवटी तो शरण जायला तयार होतो ते शाळा वाचावी म्हणून. त्याचा सूड त्याने पुरा केलेला असतो. त्याला पळूनही जाता आलं असतं. पण त्याच्या प्रत्येक पराक्रमाची किंमत शाळेतल्या बाकीच्यांनी मोजलेली आहे. हा ताण तीस भाग पुरतो: एकाने स्वाभिमान दाखवायचा आणि मार बाकीच्यांनी खायचा. पट्टशिष्याने सगळ्यांचा जीव सांभाळायचा की गुरूचं नाव? धाकट्यांनी कुणाच्या मागे जायचं? मालिकेचं बायबल, म्हणजे पात्रं, जग आणि कथेचा आराखडा सांगणारा दस्तऐवज, लिहायला बसाल तेव्हा नायकाचं पान शेवटी लिहा. आधी शाळेची वास्तू, तिचा दिनक्रम, तिथे पैसा कुठून येतो, भांडी कोण घासतं, रात्री दाराला कडी कोण लावतं, हे लिहा. स्वयंपाकघरातल्या विषाची गोष्ट सांगणार असाल तर प्रेक्षकाला ते स्वयंपाकघर पहिल्या भागापासून ओळखीचं हवं, आणि तिथल्या माणसाच्या हातचं जेवण त्याला आवडायला हवं.

दुसरं काम शत्रूचं. 1972 च्या चित्रपटात जपानी माणसं सरसकट दुष्ट आहेत. तेवढ्या वेळात ते चालून जातं, आणि जपानी आक्रमणाची आठवण ताजी असलेल्या प्रेक्षकाला ते भिडलंही. तीस भाग मात्र एकाच रंगाचा शत्रू टिकत नाही; आठव्या भागापर्यंत त्याच्या धमक्या पाठ होतात. पुढच्या लेखकांनी हे ओळखलं. 1994 च्या चित्रपटात चेन झेन स्वतः जपानमध्ये शिकायला गेलेला आहे, त्याची प्रेयसी जपानी आहे आणि यासुआकी कुराताने केलेला जपानी गुरू सन्मानाने लढतो, सन्मानाने थांबतो. 1995 च्या मालिकेत ताकेदा युमी ही जपानी तरुणी आहे आणि तिचं प्रेम चेन झेनवर आहे. प्रेमकथेचा ट्रॅक हवा म्हणून चॅनेलने अशी मुलगी घालायला सांगितली, तर तिला नुसती रडायला ठेवू नका. तिच्या घरात बसून शांघाय कसं दिसतं, ते तिच्यामुळे दाखवता येतं. मला स्वतःला ही भर मूळ चित्रपटापेक्षा पुढचं पाऊल वाटते.

तिसरं पात्र मूळ चित्रपटात छोटं आहे, पण मालिकालेखकाने त्याच्यावर डोळा ठेवावा: पोलीस इन्स्पेक्टर. स्वतः लो वेईनेच ते काम केलं आहे. चिनी माणूस, गणवेश अंगावर, वरून परकीयांचा दाब. तो असा का वागतो हे समजायला शांघायचा कायदा वाचावा लागतो. 1842 च्या नानकिंग तहानंतर शांघाय परकीय व्यापाराला खुलं झालं. पुढे तिथे परकीयांच्या स्वतंत्र वसाहती झाल्या, त्यांचा कारभार वेगळा, आणि तहांमुळे संबंधित देशांच्या नागरिकांवर चिनी न्यायालयात खटला चालत नसे. म्हणजे जपान्याने चिन्याला मारलं तर निवाडा जपानी वकिलातीकडे, उलट झालं तर फास तयार. हे प्रेक्षकाला कळलं की चेन झेन पोलिसांकडे का गेला नाही, हा प्रश्नच उरत नाही. शिवाय इन्स्पेक्टरच्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद एकेक भाग देऊन जातो.

संशोधन कथेत कसं मुरवायचं, याचं याच चित्रपटातलं एक उदाहरण. बागेच्या दारावर 'कुत्र्यांना आणि चिन्यांना प्रवेश नाही' अशी पाटी आहे. चेन झेन हवेत उडी घेऊन लाथेने ती फोडतो. टाळ्यांचा प्रसंग. शांघायच्या नदीकाठच्या त्या बागेत चिनी लोकांना 1928 पर्यंत खरोखरच मज्जाव होता. नियमावलीत मात्र कुत्र्यांचं कलम वेगळं होतं आणि बाग परकीयांसाठी राखीव असल्याचं कलम वेगळं. चित्रपटाने दोन्ही एका पाटीवर आणून घाव नेमका घातला. मालिकेत हीच गोष्ट तुम्ही उलगडू शकता. एका भागात एखादी दाई गोऱ्या साहेबाच्या मुलाला घेऊन बागेत जाते आणि तिचं स्वतःचं पोर दाराबाहेर थांबतं. मग कितीतरी भागांनंतर पाटी फुटते. अपमान आधी घडू द्या, लाथ नंतर.

आता मारामारी, कारण शेवटी ती लिहावी लागतेच. पटकथेत ठोसे लिहू नका. ते फाइट मास्टरचं काम आहे आणि तो ते तुमच्यापेक्षा फार चांगलं करतो. तुम्ही चार गोष्टी लिहायच्या: कोण कशासाठी आत शिरतो, जागा कशी आहे, हाताशी कोणत्या वस्तू आहेत, आणि बाहेर पडताना कोणाचं काय बदललेलं असतं. दोजोचा तो प्रसंग पुन्हा पाहा. नुनचाकू, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन काठ्यांचं हत्यार, सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण प्रसंग लेखकाचा आहे तो कागदामुळे. पाटी घेऊन आत जाणं आणि कागद चावायला लावून बाहेर येणं, ही गोष्ट झाली. मधल्या लाथा बदलल्या तरी ती उभी राहते. कागद काढून टाकला तर उरते नुसती कसरत.

मालिकेत वेळेचा हिशोबही कडक असतो. आपल्याकडे दैनंदिन मालिकेच्या सेटवर दिवसाला साधारण एका भागाचं फुटेज निघायला हवं असतं, आणि बँक (आधीच तयार करून ठेवलेल्या भागांचा साठा) संपत आली की त्याहून जास्त. अशा वेळी दहा माणसांची मारामारी लिहिलीत तर ती कापली जाणार, किंवा घाईत उरकली जाणार. डॉनी येनच्या मालिकेतही घाई दिसते. अनेक ठिकाणी कॅमेऱ्याचा वेग कमी ठेवून हालचाली पडद्यावर झरझर पळवल्या आहेत. तरीही ती लक्षात राहते, कारण लढणाऱ्यांचं नातं आपल्याला माहीत असतं. मोठ्या लढती मोजक्या ठेवा आणि आधीच्या भागांत त्यांच्यासाठी वेळ वाचवा. मधल्या भागांत दोन माणसांची, एका खोलीतली झटापट पुरते. त्या दोघांना परत एकमेकांसमोर जेवायला बसायचं असेल तर ती मोठ्या लढतीपेक्षाही जास्त चटका लावते.

शेवट सगळ्यांना माहीत असलेली कथा कशी चालवायची, ही भीती नवीन लेखकांना असते. मला ती कधीच वाटली नाही. चेन झेन मरणार हे माहीत असलेला प्रेक्षक त्याच्या लग्नाच्या बोलणीकडे वेगळ्या नजरेने बघतो. माहीत असलेला शेवट वापरा, लपवू नका. 2010 च्या चित्रपटाने चेन झेन जिवंतच होता असं मानून त्याला पुन्हा शांघायात आणलं, पुन्हा डॉनी येनलाच घेऊन. पाहायला तो देखणा आहे, पण त्या गोठलेल्या झेपेची ताकद तिथे पातळ होते, असं माझं मत.

आणखी एक वाट अमेरिकेतली, ती थोडक्यात. 1984 चा 'द कराटे किड' 2018 मध्ये 'कोब्रा काय' या मालिकेच्या रूपाने परतला, तेच नट तेव्हा मध्यमवयीन झालेले. लेखकांनी गोष्ट हरलेल्या जॉनीकडून सुरू केली. ज्याला आपण खलनायक समजलो त्याच्या आयुष्यात त्या एका लाथेनंतर काय झालं, या प्रश्नावर सहा सीझन उभे राहिले. मूळ नट हयात आणि काम करायला तयार असतील तर ही वाट जरूर तपासा. चेन झेनच्या बाबतीत ती शक्य नव्हती; ब्रूस ली 1973 मध्येच गेला.

सराव म्हणून कुठल्याही जुन्या चित्रपटाचे तीस वनलाइन, म्हणजे प्रत्येक भागाचं थोडक्यात कथासूत्र, लिहून काढा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण ते विकायला निघण्याआधी हक्क समजून घ्या. हुओ युआनजियांचा इतिहास कुणाच्या मालकीचा नाही. चेन झेन, त्याची पाटी, त्याचा शेवट ही मात्र कुणाची तरी निर्मिती आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात रूपांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं आहे. तो निकाल वाचा. लेखकाला समजेल असा आहे. हक्क विकत घेणं हे निर्मात्याचं काम. ते झाल्याचा कागद दाखवल्याशिवाय रूपांतराच्या पूर्ण पटकथेला हात घालू नका.

निर्मात्याच्या किंवा चॅनेलच्या भेटीला जाताना पहिला, पंधरावा आणि तिसावा भाग एकेका पानात, सोबत शाळेचं पान आणि एक पूर्ण लिहिलेला प्रसंग एवढं न्या. प्रसंग मारामारीचा नको. मारामारीच्या आदल्या रात्रीचा न्या. स्वतःचं मूळ लेखन असेल तर जाण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे त्याची नोंदणी करा. काम मिळालं तर करारात कथा, पटकथा आणि संवाद यांची श्रेयं वेगवेगळी लिहून घ्या, आणि पहिला हप्ता बायबल हातात देण्याआधी मागा.