राउटरच्या कन्सोलसाठी डायल-अप मोडेमचे डिप स्विच कसे लावावेत

मुख्य इंटरनेट जोडणी तुटली की दूरच्या राउटरपर्यंत पोहोचण्याचा मार्गही तिच्यासोबत बंद होतो. अशा वेळी कन्सोल पोर्टला (राउटर थेट हाताळण्यासाठीच्या सिरीयल पोर्टला) जोडून ठेवलेला साधा डायल-अप मोडेम फार मोलाचा ठरतो. येथे यूएस रोबोटिक्सचा ५६८६ हा बाह्य मोडेम आणि सिस्कोचा राउटर गृहीत धरला आहे.

मोडेमच्या मागील बाजूस मांडणी ठरवणारे आठ बारीक डिप स्विच असतात. स्विच वर म्हणजे बंद आणि खाली म्हणजे चालू. मूळ मांडणीत ३, ५ आणि ८ खाली असतात, बाकीचे वर. ही मांडणी संगणकावरून बाहेर फोन लावण्यासाठी सोयीची आहे. कन्सोलसाठी ती चालत नाही.

तरीही सुरुवातीला स्विचना हात लावू नये. आधी मोडेम संगणकाच्या सिरीयल पोर्टला जोडावा, टर्मिनल प्रोग्रॅममध्ये वेग ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट असे ठेवावे, आणि ‘एटी’ टाइप करून ‘ओके’ असे उत्तर येते का ते पाहावे. त्यानंतर ‘एटी&एफ०&बी१&एन६एस०=१’ ही आज्ञा रोमन लिपीत द्यावी. तिच्यातील ‘&बी१’मुळे सिरीयल पोर्टचा वेग स्थिर राहतो, ‘&एन६’मुळे फोनवरील जोडणी ९६०० वर बांधली जाते आणि ‘एस०=१’मुळे पहिल्याच रिंगला फोन उचलला जातो. शेवटी ‘एटी&डब्ल्यू’ देऊन हे सर्व मोडेमच्या स्मृतीत जतन करावे.

आता मोडेम बंद करून स्विच बदलावेत. कन्सोलकडून डीटीआर (जोडलेले उपकरण तयार असल्याचा) संकेताची खात्री धरता येत नाही, म्हणून १ खाली करावा. ३ वर आणि ४ खाली करणे सर्वांत महत्त्वाचे आहे; ३ मुळे मोडेमचे उत्तराचे शब्द बंद होतात आणि ४ मुळे आलेली अक्षरे परत पाठवणे, म्हणजे प्रतिध्वनी, बंद होतो. मोडेमने ‘रिंग’ किंवा ‘कनेक्ट’ असा शब्द पाठवला, तर कन्सोल तो आज्ञा समजून प्रतिध्वनीसह उत्तर देतो, मोडेम ते उत्तर पुन्हा परत पाठवतो, आणि कोणी फोन केलेला नसतानाही दोघांचा संवाद अखंड चालू राहतो. पुढील बाजूचे आरडी (डेटा आला) आणि एसडी (डेटा पाठवला) हे दिवे विनाकारण सतत लुकलुकत असतील, तर आधी हेच दोन स्विच तपासावेत. ५ वर करावा, म्हणजे स्वयंचलित उत्तर सुरू होते आणि मोडेम चालू केल्यावर एए (स्वयंचलित उत्तर) दिवा लागतो. ८ वर केल्यावर मोडेम एटी आज्ञा मुळीच ऐकत नाही. पुढे कधी तो ‘ओके’ म्हणाला नाही, तर तो बिघाड समजू नये. २ आणि ६ जसेच्या तसे राहू द्यावेत. ७ मात्र वरच आहे ना, याची खात्री करावी, कारण तो खाली असेल तर जतन केलेली मांडणी बाजूला राहून कारखान्यातील साचा लागू होतो.

राउटरकडील जोडणीसाठी रोलओव्हर केबल (जिच्या दोन टोकांची पिनांची क्रमवारी एकमेकींच्या उलट असते) आणि ‘मोडेम’ अशी खूण असलेला पंचवीस पिनांचा अडॅप्टर वापरावा.

फोन मध्येच तुटला तरी कन्सोलला ते कळत नाही आणि आधीचे सत्र उघडेच राहते. त्यानंतर फोन करणारी व्यक्ती थेट त्याच सत्रात शिरू शकते. म्हणून कन्सोल लाइनवर पासवर्ड असावा आणि निष्क्रिय सत्र आपोआप बंद होण्याची मुदत, जी सिस्कोमध्ये मुळात १० मिनिटे असते, ती आणखी कमी करावी. शून्य तर कधीही ठेवू नये.