टोमॅटिलोचे औषधी गुण: दावे कसे पारखावेत आणि फळ कसे वापरावे

टोमॅटिलो म्हणजे कच्चा टोमॅटो नव्हे. कागदासारख्या आवरणात वाढणारे, मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या स्वयंपाकातले हे हिरवे, आंबट फळ फिजॅलिस प्रजातीचे असून आपली रसभरी आणि बांधावर उगवणारी रानपोपटी ही त्याची जवळची भावंडे आहेत.

पहिली पायरी दावा पारखण्याची. मेक्सिकोत खोकल्यावर त्याच्या आवरणाचा काढा घेतात, तर उत्तर अमेरिकेतील ओमाहा आणि पोंका लोक त्याच्या रानटी भाईबंदांच्या मुळांचा काढा पोटदुखी व डोकेदुखीवर देत असत. या वनस्पतींत विथानोलाइड गटातील रसायने असतात. हे नावच अश्वगंधेच्या ‘विथानिया’ या शास्त्रीय नावावरून आले आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी रानटी टोमॅटिलोतून अशी काही नवी रसायने वेगळी केली आणि प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींवर त्यांचा परिणाम तपासला. बातमी वाचताना येथेच थांबून विचार करावा: शुद्ध केलेल्या रसायनाने काचपात्रातील पेशी मरणे वेगळे आणि फळ खाऊन रुग्ण बरा होणे वेगळे. म्हणून मधुमेहाच्या किंवा कर्करोगाच्या उपचारांऐवजी टोमॅटिलो घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी पायरी झाडाचा कोणता भाग घ्यावा हे ठरवण्याची. घरी फक्त फळ वापरावे. पाने, देठ आणि आवरण यांत विषारी अल्कलॉइड असू शकतात, त्यामुळे परंपरेचा आधार असला तरी त्यांचा काढा घरी करू नये. ओळख पक्की नसलेले रानातले फळ तर तोंडातही घालू नये.

मग निवड. टणक, आवरण पूर्ण भरलेली फळे घ्यावीत. ती आवरणासह कागदी पिशवीत, फ्रिजमध्ये दोन आठवडे तरी टिकतात. वापरण्यापूर्वी आवरण काढून सालीवरचा चिकट थर कोमट पाण्याने चोळून धुवावा.

शेवटी स्वयंपाक. १०० ग्रॅम कच्च्या फळात सुमारे ३२ कॅलरी, १.९ ग्रॅम तंतू आणि १२ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. हे जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते. ते टिकवायचे असल्यास फळ कच्चेच कांदा, मिरची आणि कोथिंबिरीबरोबर वाटावे. आंबटपणा सोसत नसेल, तर फळे तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून मग वाटावीत. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांनी सुरुवात चमचाभर चटणीनेच करावी.