संसद आणि विधिमंडळातील चर्चेवर लिहिताना या चुका टाळा

डिसेंबरमध्ये नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झाले, की तपासण्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या लेखांची संख्या एकदम वाढते. एका दैनिकाच्या डेस्कवर मी वीस वर्षे अधिवेशनाची पाने पाहिली, आणि आता दर रविवारी धंतोलीतील घरी दहा-बारा मुलांना तेच काम शिकवतो. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दुरुस्त करताना एक गोष्ट मला पक्की कळली आहे, ती ही, की बहुतेक चुकांच्या मुळाशी छापील कागद उघडून वाचण्याचा कंटाळा असतो.

सर्वाधिक नुकसान करणारी चूक पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा खर्चाची, आहे. 16 डिसेंबर 2024 रोजी नागपूरच्या विधान भवनात राज्य सरकारने सुमारे 35,788 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या. माझ्या एका विद्यार्थ्याने तो आकडा मूळ अर्थसंकल्पातील तुटीत जसाच्या तसा मिळवला आणि राज्याची तूट तेवढ्याने वाढल्याचा लेख मला न दाखवताच एका साप्ताहिकाकडे पाठवून दिला. लेख छापून आला. चार दिवसांनी एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांचे दोन पानी पत्र आले, आणि त्यातील एकही मुद्दा आम्हाला खोडता आला नाही. पुरवणी मागण्यांच्या ढोबळ बेरजेत काही रक्कम अशी असते, की ती खर्चाच्या दुसऱ्या शीर्षाखाली झालेल्या बचतीतून भागणार असते; काही मागण्या केवळ लाक्षणिक, म्हणजे नावापुरत्या रकमेच्या असतात; काही खर्चापोटी तेवढीच रक्कम केंद्राकडून किंवा अन्य जमेतून तिजोरीत येणार असते. या सर्वांची वजावट केल्यावर जो निव्वळ भार उरतो, तोच तुटीच्या हिशेबात धरायचा असतो. त्या रात्री अकरा वाजेपर्यंत आम्ही मागण्यांची पुस्तिका उघडून प्रत्येक मागणीखालचे स्पष्टीकरण वाचत बसलो, आणि पुढच्या अंकात खुलासा दिला.

शिवाय, मागणी मांडली म्हणजे पैसा खर्च झाला, असे होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 203 नुसार अनुदानाच्या मागण्यांवर मतदान केवळ विधानसभेत होते. विधान परिषद त्यांवर चर्चा करते, मतदान करीत नाही. त्यानंतर विनियोजन विधेयक, म्हणजे तिजोरीतून पैसे काढण्याची परवानगी देणारे विधेयक, संमत व्हावे लागते. म्हणून कोणताही आकडा वाक्यात घेण्यापूर्वी तो ढोबळ की निव्वळ, मांडलेला की मंजूर, महसुली की भांडवली, हे मी वहीत त्याच्या शेजारी लिहितो. हे लिहायला दोन मिनिटे लागतात, आणि ती दोन मिनिटेही ज्यांना जड वाटतात, त्यांनी अर्थसंकल्पावर लिहिण्याची घाई करू नये.

दुसरी चूक त्याच आठवड्यात, दुसऱ्याच दिवशी समोर आली. 17 डिसेंबर 2024 रोजी लोकसभेत एकत्रित निवडणुकांसाठीचे 129 वे घटनादुरुस्ती विधेयक मांडताना मतदान झाले. बाजूने 269 आणि विरोधात 198 मते पडली. संध्याकाळी माझ्याकडे दोन टिपणे आली. एकात घटनादुरुस्ती मंजूर झाल्याचे लिहिले होते, दुसऱ्यात दोन तृतीयांश मते न मिळाल्यामुळे विधेयक पडल्याचे. दोन्ही चूक. विधेयक मांडण्याच्या परवानगीला साधे बहुमत पुरते. अनुच्छेद 368 मधील विशेष बहुमत, म्हणजे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, हे विधेयक संमत करताना लागते. त्या दिवशीच्या 467 मतांचे दोन तृतीयांश 312 होतात, हे गणित बरोबर आहे, परंतु ते त्या टप्प्याला लागू नव्हते. विधेयक पुढे संयुक्त समितीकडे गेले. दोघांनीही मोबाइलवरची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाहून टिपण लिहिले होते. अध्यक्षांनी कोणता प्रस्ताव मताला टाकला, हे त्यांपैकी एकानेही ऐकले नव्हते.

विधेयकाचा क्रमांक आणि घटनादुरुस्तीचा क्रमांक एकच धरू नये: महिला आरक्षणाचे 128 वे विधेयक 2023 मध्ये 106 वी घटनादुरुस्ती ठरले. पक्षांतरबंदीवर लिहिताना एक तृतीयांश सदस्य फुटले तर अपात्रता टळते, ही सवलत आजही सांगितली जाते, ती 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली आहे. लेखानुदान, म्हणजे पूर्ण अर्थसंकल्प संमत होईपर्यंतच्या खर्चाला दिलेली आगाऊ मंजुरी, आणि अंतरिम अर्थसंकल्प एकच नव्हेत. महसुली तूट आणि राजकोषीय तूट एकाच वाक्यात अदलाबदलीने वापरणे तर मला अजिबात सहन होत नाही, कारण पहिलीत दैनंदिन खर्च उत्पन्नापेक्षा किती वाढला ते कळते, आणि दुसरीत सरकारला एकूण किती उसनवारी करावी लागणार ते.

धन विधेयकाबाबत, म्हणजे केवळ कर, सरकारी कर्ज आणि खर्च अशा बाबींच्या विधेयकाबाबत, मात्र थोडे थांबावे. अनुच्छेद 110 नुसार एखादे विधेयक धन विधेयक आहे की नाही, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात, आणि तसे ठरले की राज्यसभेला केवळ शिफारशी करता येतात, त्याही चौदा दिवसांत. राजकीय पक्षांना नाव न उघड करता देणगी देण्याच्या निवडणूक रोख्यांची तरतूद 2017 च्या वित्त विधेयकातून याच मार्गाने आली आणि 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. राजकीय पक्षांना पैसा कसा मिळावा, हा निवडणूक सुधारणेतील कळीचा प्रश्न अर्थसंकल्पाच्या कागदांतून मार्गी लागला होता, आणि वित्त विधेयकात करांचे दर तेवढे पाहून उठणाऱ्यांच्या तो ध्यानातही आला नाही. मी स्वतः वित्त विधेयक वाचताना अन्य कायद्यांत दुरुस्ती करणारी शेवटची कलमे आधी वाचतो, आणि रविवारी येणाऱ्या मुलांनाही तिथूनच सुरुवात करायला लावतो.