गहू पेरण्याआधी विहीर मोजा, मोटर नंतर

दिवाळी आटोपली की गव्हाची घाई सुरू होते. बागायती गव्हाच्या वेळेवर पेरणीला 1 ते 15 नोव्हेंबर एवढेच दिवस, आणि ट्रॅक्टरवाला रोज फोन करतोय. तरी त्याला होकार देण्याआधी एक दुपार विहिरीवर घालवा. आत्ता ती काठोकाठ दिसते. नोव्हेंबरची विहीर बघून पेरलेला गहू फेब्रुवारीत पिवळा पडतो, हे आम्ही दौंडकडचे टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे लोक दर दोन-तीन वर्षांनी शिकतो आणि पुन्हा विसरतो.

मोजायला लागतं काय? 200 लिटरचा एक बॅरल आणि मोबाईलमधलं घड्याळ. डिलिव्हरी पाईप बॅरलमध्ये सोडा आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघा. आमच्या 5 एचपीच्या मोटरीला 40 सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला 5 लिटर, तासाला 18 हजार. हे सगळ्यांनाच कळतं, आणि बहुतेक जण इथंच थांबतात. आठ तास लाईट, दीड लाख लिटर पाणी, चला पेरा पाच एकर!

खरं मोजमाप दुसऱ्या दिवशीचं. पहिल्या दिवशी मोटर पाणी तळाला जाईपर्यंत चालवा. फुटव्हॉल्व्ह (पाईपाच्या तळाची झडप) उघडा पडायच्या आत बंद करा, पाणी कुठवर आलं त्याची खूण करा, सबमर्सिबल असेल तर जास्तच सांभाळा. बरोबर चोवीस तासांनी पुन्हा सुरू करा आणि त्याच खुणेपर्यंत पाणी यायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. आमच्याकडे तीन तास भरले. म्हणजे विहिरीला रोजचा पाझर 54 हजार लिटर, बाकीचे पाच तास लाईट असली काय नि नसली काय.

आता गव्हाकडे या. एका पाण्याला सहा सेंटिमीटर धरलं तर एकरी साधारण 2 लाख 40 हजार लिटर लागतात. आमच्या विहिरीचे साडेचार दिवस. दोन पाण्यांत अठरा-वीस दिवसांचं अंतर, त्यात बसले चार एकर. फेब्रुवारीत पाझर निम्म्यावर आला तर दोनच. दंडातून (शेतातल्या पाण्याच्या चरातून) मुरतं, बांधाखालून फुटतं, ते वेगळंच. आमच्या पाच एकरांत यंदा दोन एकर गहू आणि तीन एकर हरभरा, तो याच हिशेबानं.

हरभऱ्याला पेरून 30-35 दिवसांनी, फांद्या फुटताना एक पाणी, आणि घाटे भरताना दुसरं. तेही हलकं. पाटाला पाणी आलंय म्हणून तिसरं दिलं की पीक नुसतं माजतं, वर मर रोग लागतो तो लागतोच. गव्हाला पाणी कमी पडणार हे आत्ताच दिसत असेल तर नेत्रावती हा वाण घ्या, तो कमी पाण्यासाठीच काढलेला आहे. एकच पाणी हातात असेल तर ते 40-42 दिवसांनी, कांडी धरताना. दोन असतील तर 20-22 दिवसांनी मुकुटमुळं फुटताना आणि 60-65 दिवसांनी फुलोऱ्यात. तीन असली तर तिन्ही वेळांना. या तारखा पेरणीच्या दिवशीच कॅलेंडरवर गोल करून ठेवा, कारण पाटाचं आवर्तन, म्हणजे कालव्याला सुटणारं पाळीचं पाणी, त्या तारखांना आलं नाही तर विहिरीत तेवढं पाणी राखून ठेवावं लागतं.

ज्वारीला वेगळं सांगायचं नाही. पेरल्यापासून तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी (ओळींमधली माती हलवणं) झालीच पाहिजे. मातीची भेग बुजली की ओल आत राहते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणायची. त्या अर्ध्या पाण्याला लाईट लागत नाही.

आणि ऊस. पूर्वहंगामी लागणीची मुदत 15 नोव्हेंबरपर्यंत आहे, लावणारे लावतीलच. कारखान्याच्या पैशाचा भरवसा असतो, त्यामुळं ऊस लावू नका असं सांगणाऱ्याचं गावात कोणी ऐकत नाही, माझंही ऐकत नाहीत. एवढंच करा, मे महिन्याचं गणित मांडा. कडक उन्हात उसाला एकरी दिवसाला 30 हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. तुमच्या विहिरीचा मे मधला पाझर किती, ते गेल्या उन्हाळ्यावरून तुम्हाला ठाऊक आहे. ठिबक नसेल आणि मे मध्ये मोटर अर्धा तास चालत असेल, तर लागण पाव एकरावर आणा किंवा सोडून द्या.

आता लाईटचं बघू. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल 2024 पासून पाच वर्षं वीजबिल माफ आहे. त्यामुळं मोटरीच्या खर्चाकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही. पण युनिट फुकट असलं तरी लाईटचे तास तेवढेच आहेत. एका युनिटमध्ये किती पाणी उपसतं ते बघा. एकूण उचल, म्हणजे पाणी चढवायची उंची, 30 मीटर आणि पंप-मोटर मिळून 40 टक्के कार्यक्षमता धरली, तर साधारण 4,900 लिटर. एकरभर गव्हाच्या एका पाण्याला झाली पन्नास युनिटं. ठिबकला दाब लागतो म्हणून उचल 45 मीटरवर जाते, पण पाणी निम्मंच लागलं तर काम 37 युनिटांत होतं.

विजेची सगळ्यात मोठी गळती मात्र पाईपात असते, आणि ती जमिनीखाली असल्यामुळं दिसत नाही. सेकंदाला 6 लिटर पाणी 63 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपातून नेलं, तर दर 100 मीटरला आठ-नऊ मीटर उचल नुसत्या घर्षणात जाते. लाईन 300 मीटर असेल तर विहीर सव्वीस मीटरनं खोल झाल्यासारखंच ते. तीच लाईन 75 मिलिमीटरची टाकली तर घर्षण दहा मीटरवर येतं. काटकोनी एल्बो काढून लांब बेंड बसवा, फुटव्हॉल्व्हची जाळी काढून धुवा. मोठी मोटर घेण्याआधी हे करून बघा. आमच्या शेजाऱ्यानं 5 ची साडेसात केली आणि पाणी जवळपास तेवढंच आलं, कारण पाईप तोच होता.

डीपीचं, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचं दुखणं आणखी वेगळं. 63 केव्हीएच्या डीपीवर 5 एचपीच्या दहा-अकरा मोटरी नीट चालतात. आमच्या डीपीवर अठरा होत्या, आणि प्रत्येकीला ऑटोस्विच. लाईट आली की अठराही एकाच क्षणी उचलायच्या, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या सहापट करंट ओढते. दोन वर्षांपूर्वी गव्हाच्या तिसऱ्या पाण्याला डीपी जळाला. नवा बसेपर्यंत बारा दिवस गेले. ओंब्या भरल्या, पण दाणा बारीक राहिला. दोष कुणाला देणार? ऑटोस्विच माझ्याही पेटीत होता.

त्यानंतर देवळात बसून ठरवलं. सगळ्यांनी ऑटोस्विच काढायचे. पहिले चार तास नऊ मोटरी, पुढचे चार तास उरलेल्या नऊ, आठवड्यानं अदलाबदल. प्रत्येकानं कपॅसिटर बसवायचा: 3 एचपीला 1 केव्हीएआर, 5 ला 2, साडेसातला 3. पहिल्या महिन्यात भांडणं झाली, एकानं तर स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावलं. पण व्होल्टेज टिकू लागलं आणि मोटरी रिवायंडिंगला जायच्या कमी झाल्या, तेव्हा कुलूपवालेही वेळा पाळू लागले. यंदा हे पेरणीआधीच करा. जानेवारीत भरलेली बैठक म्हणजे नुसती भांडणंच.

असं पाणी वाटून घेणं आपल्या पुणे जिल्ह्याला नवं नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. वाटप जमिनीवर न ठेवता माणसांवर ठेवलं: माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस अजिबात नाही. आज जसंच्या तसं कुणी करेल असं मला वाटत नाही. पण निदान एका चारीवरच्या (कालव्याच्या छोट्या फाट्यावरच्या) दहा-पंधरा जणांनी एकाच आठवड्यात गहू पेरला, तरी आवर्तनाची तारीख सगळ्यांच्या कांडीला एकदम जुळते.

सौरपंपवाल्यांसाठी थोडं. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढं साडेसात एचपीचा पंप मिळतो. सर्वसाधारण गटाला 10 टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 5. रात्रीचं दारं धरणं (जागून पिकाला पाणी देणं) सुटलं, हे सगळ्यात मोठं सुख. पण हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, खरं पाणी दहा ते तीनमध्येच मिळतं. म्हणून ठिबकचे सेक्शन लहान करा. पॅनेल सकाळी गार असताना साध्या पाण्यानं धुवा, भर दुपारी तापलेल्या काचेवर पाणी मारू नका. पंप दिवसभर आपोआप चालतो म्हणून विहीर रोज तळाला नेऊ नका. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. ते एकदा ओढून काढलं की शेजारचा आडही आटतो.

लोणी, उरुळी, यवत पट्ट्यात बेबी कालव्याचं पाणी घेणाऱ्यांनी मात्र एक तपासणी कराच. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पंप बसवलेल्या विहिरीतून) येणारं हे पाणी पुणे शहराचं सांडपाणी आहे. त्यात नत्र असतं, म्हणून युरियाचा हप्ता कमी करा. क्षारही असतात: क्षारता (ईसी, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) 0.75 च्या आत आली तर काळजी नाही, 2.25 च्या वर गेली तर कांदा-हरभरा त्या पाण्यावर घेऊ नका. कच्ची खायची पालेभाजी तर मुळीच नको. ठिबक असेल तर वाळूचा फिल्टर लागतोच, नुसत्या जाळीच्या फिल्टरवर भागत नाही.

रात्रपाळी ज्यांना अजून चुकलेली नाही त्यांनी गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत, आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडं बिबट्याच्या भीतीनं उसाच्या कडेनं एकट्यानं जाऊ नये. बॅटरी पायाखाली धरा, वाकून दंड फोडताना आधी काठी आपटा. घोणस थंडीत वाफ्याच्या कडेलाच पडून असते. साप चावलाच तर मांत्रिकाकडं जाण्यात किंवा पट्टी आवळून बांधण्यात वेळ न घालवता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा.

राहिलं पाटाचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठा सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातून आधी पुणे शहर पितं, मग उरलेलं कालव्यानं हवेली, दौंड, इंदापूरला येतं. रब्बीत आवर्तनं किती आणि कधी, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. त्या बैठकीच्या बातमीची वाट बघत बसू नका. रब्बीचा सातच्या नमुन्याचा पाणी मागणी अर्ज पाटबंधारे शाखा कार्यालयात आत्ताच द्या आणि पोहोच घ्या. अर्ज नसेल तर पाणी आलं तरी ते बिनपरवानगीचं ठरतं, आकारणी वाढते. पाणी वापर संस्था असेल तर तिनं शेजपाळी (शेतकऱ्यांची पाण्याची पाळी) टेलकडून वर लावावी, तसाच नियम आहे. वरच्या माणसाला पाणी शेवटी मिळालं म्हणून त्याचं पीक जात नाही. टेलचं जातं.

आमच्या चारीचं बॅरलचं मोजमाप येत्या रविवारी आहे. सकाळी सात ते अकरा आमच्या फीडरला लाईट आहे. बॅरल आहे, वही-पेन्सिल घेऊन या, आणि आदल्या दिवशी कुणी मोटर चालवू नका.