स्प्रिंग त्याच, शॉकअप नवे

90,000 किलोमीटर झाल्यावर माझी हॅचबॅक ताम्हिणी घाटातल्या वळणांवर होडीसारखी झुलायची आणि खड्ड्यात दणके द्यायची. कडक, बुटक्या स्प्रिंग टाकायचं मनात होतं. फिटरकाकांनी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. गाडी तीनदा डुलली. पुढच्या शॉकअपवर, म्हणजे स्प्रिंगचं डुलणं थांबवणाऱ्या तेलाच्या नळकांड्यावर, तेलाचा ओघळ, त्यावर चिकटलेली धूळ. "स्प्रिंग धडधाकट आहे, तिला आवरणारा गेलाय."

चारही शॉकअप, स्ट्रट माउंट (पुढच्या शॉकअपची वरची रबरी बैठक) आणि लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे रबरी सांधे) बदलले. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळून घ्या. जॅकवर आवळले तर रबर पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतले. टायरची हवा 38 psi वरून कंपनीने सांगितलेल्या 32 psi वर आणली, बराचसा दणका तिथेच गेला. आता आई मागच्या सीटवर माणगावपर्यंत निवांत झोपते.