छर्रे खाली-डावीकडे लागतायत? आधी साइटवरचा हात काढा

नेमबाजीच्या रेंजवर पहिल्यांदा गेले ती शिकायला म्हणून नव्हे. दादाला सुट्टी होती, भाचीला कुठेतरी न्यायचं होतं आणि बाबा म्हणाले, मी पण येतो. चौघांत एक एअर पिस्तूल, एक लेन, एक तास. त्याला दोन वर्षं झाली. आता आठवड्यातून तीनदा जाते, तरी त्या एका तासात बोटाला लागलेली खोड पूर्ण गेलेली नाही. म्हणून हे लिहितेय.

नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, ‘स्टॉप’ ऐकलं की थांबायचं, हे तुम्हाला माहीत असेल. नसेल तर तिथे दहा वेळा सांगतील. घरच्यांसोबत जाणार असाल तर एकच गोष्ट जादा: लेनवर उभ्या असलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. दादाने “बाबा, इकडे बघा, फोटो!” म्हटलं आणि बाबा वळले. माणूस वळतो तेव्हा हातही वळतो. कोचने मनगट धरून पिस्तूल टेबलावर ठेवायला लावलं. पिस्तूल रिकामं होतं, पण त्याने काही फरक पडत नाही. फोटो काढायचेत ना, पिस्तूल टेबलावर आणि नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) असताना काढा. आणि छर्रे शिशाचे असतात, निघण्याआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवा, मुलांनी तर नक्कीच.

आता माझं सांगते.

माझे पहिले दहा छर्रे टार्गेटच्या कार्डावर खाली-डावीकडे गेले, तेही एकमेकांना चिकटून. मला वाटलं, नेम तर बरोबर आहे, पिस्तूलच तिरकं मारतंय. कोच शेजारच्या लेनवर होता. टेबलावर लहान स्क्रूड्रायव्हर पडला होता. नेम धरायला पिस्तुलावर पुढे-मागे दोन साइट असतात, त्यातली मागची, म्हणजे रिअर साइट, मी थोडी वर, थोडी उजवीकडे घेतली. पुढचे तीन छर्रे कार्डावरच्या काळ्या गोलाच्या मधोमध. काय तो आनंद! मग पिस्तूल भाचीकडे दिलं. तिचे सगळे वर-उजवीकडे, दोन तर काळ्याच्या बाहेर. पाचव्या छर्ऱ्यानंतर तिने विचारलं, “आत्या, माझं काय चुकतंय?” आणि मी तिला समजावून सांगत होते, की बाळा, हात स्थिर ठेव.

तिचं काहीच चुकत नव्हतं. पोरगी ट्रिगर सरळ दाबत होती. चूक माझ्या बोटात होती, आणि ती मी साइटमध्ये भरून तिच्या हातात दिली होती.

हे नीट समजून घ्या, कारण यात सगळे फसतात. 10 मीटरवर दहा गुणांचं मधलं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. संपूर्ण काळा भाग 59.5 मिलिमीटर. नवशिक्याला वाटतं, हात हलतोय म्हणून दहा लागत नाही. हात सगळ्यांचाच हलतो. पुढची आणि मागची साइट एका रेषेत ठेवून अख्खं पिस्तूल एक मिलिमीटर सरकलं, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. पण दोन साइटमध्ये साधारण 33 सेंटिमीटर अंतर असतं. मनगट वाकून पुढची साइट मागचीच्या मानाने एक मिलिमीटर खाली गेली, की 10 मीटरवर छर्रा जवळजवळ तीन सेंटिमीटर खाली. म्हणजे दहावरून थेट काळ्याच्या काठावर. थरथर माफ असते, मनगट वाकणं माफ नसतं.

आणि मनगट वाकतं ते “आत्ता!” या शब्दामुळे. साइट डुलत डुलत काळ्याखाली छान बसते, मन म्हणतं “आत्ता!”, आणि बोटाऐवजी अख्खी मूठ आवळली जाते. उजव्या हाताने मारणाऱ्याची नळी खाली आणि डावीकडे जाते. धक्क्याला दोष देऊ नका, एअर पिस्तूलला धक्का म्हणावा असा नसतोच. मला हे कधी पटलं? कोचने माझ्याकडे पाठ करून कधी छर्रा भरून, कधी न भरता पिस्तूल हातात दिलं तेव्हा. छर्रा नसतानाही नळीने मान टाकली. मला ते माझ्या डोळ्यांनी दिसलं. फार लाज वाटली.

त्यावर उपाय कंटाळवाणा आहे. कार्ड उलटं लावा, कोऱ्या पांढऱ्या बाजूवर मारा. नजर फ्रंट साइटवर, ती दाबताना जागची हलते का एवढंच बघायचं. छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव भरपूर करा, तेही कोचला विचारून. आठ-दहा सेकंदांत सुटलं नाही तर हात खाली घ्या. स्पर्धेतही 60 छर्ऱ्यांना 75 मिनिटं असतात, घाई तुम्हाला कुणी लावलेली नाही. छर्रा कुठे लागला त्यावरून चूक सांगणारे ते गोल तक्ते मोबाइलमध्ये साठवू नका. मी साठवले होते, त्यातून एका चुकीवर चार उपाय सापडले आणि चारही केले. कोच निवडताना तो कुठे बघतो ते बघा. कार्डाकडे बघून “वा!” म्हणणारे पुष्कळ भेटतील. तुमच्या बोटाकडे बघणारा धरून ठेवा, खडूस असला तरी.

पिस्तूल कधीच बिघडत नाही असं नाही. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला नेमबाज मनू भाकरचं ऐन पात्रता फेरीत बिघडलं, वेळ गेला, अंतिम फेरी हुकली. 2024 ला पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं घेतली. पण तुमचे दहाच्या दहा छर्रे एकाच कोपऱ्यात जात असतील, तर ते बहुधा बिघडलेलं पिस्तूल नव्हे. आणि खचूही नका, एका जागी जाताहेत हे चांगलंच आहे. विखुरलेल्यापेक्षा गोळा झालेली चूक लवकर सुधारते. मला ती बरीचशी सुधारायला आठ महिने लागले, तुम्हाला कमी लागतील, कारण तुम्ही स्क्रूड्रायव्हर उचलणार नाही.

त्या दिवशी साइट किती फिरवली हे मी मोजलंही नव्हतं. कोचने पाच छर्रे मारून ती जागेवर आणली, मला काही बोलला नाही. भाचीला मात्र सगळं सांगावं लागलं. ती अजूनही माझ्यासोबत येते, पण एक अट घालून: “आत्या, आधी मी मारणार, मग तू.”