डायनासोरच्या काळातल्या बेडकाचं फॉसिल कसं वाचायचं

जुन्या बेडकाचं फॉसिल समोर आलं, अगदी फोटोत का असेना, की बहुतेक जण आधी डोकं बघतात. मी म्हणेन कमरेपासून सुरुवात करा, बेडूक उडी मारायला लागला त्याचे खरे पुरावे तिथेच असतात.

आधी आजच्या बेडकाचा सांगाडा नीट बघून ठेवा. पाठीचे मणके अगदी कमी, ५ ते ९. शेपटीचे मणके जुळून एकच लांब दांडी झालेली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी कमरेची लांबलचक हाडं पुढे गेलेली. नडगीची दोन हाडं एकजीव. घोट्याची हाडंसुद्धा एवढी लांब की पायाला एक सांधा जास्तीचा आहे असं वाटतं.

आता मादागास्करचा ट्रायडोबॅट्राकस हा बेडकासारखा जुना प्राणी घ्या, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोरच्याही आधीचा. याचे मणके मोजा, पाठीचेच १४ भरतात! मागे छोटीशी शेपूट आहे, नडगीची हाडं अजून वेगवेगळी आहेत, पण डोकं बघाल तर रुंद, बेडकाचंच, आणि कमरेचं हाड पुढे लांबायला लागलेलं. म्हणजे सगळे बदल एकदम झालेच नाहीत, डोकं आधी झालं, उडीचे पाय नंतर आले, आणि मला तरी हे या अख्ख्या विषयातलं सगळ्यात भारी वाटतं.

मग थेट अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा प्रोसॅलिरस हा बेडूक, साधारण १९ कोटी वर्षांपूर्वीचा, १९९५ मध्ये त्याला नाव मिळालं. हाडं सुटी सुटी सापडली तरी मागचे लांब पाय, कमरेची लांब हाडं, शेपटीची दांडी, सगळं आहे.

पूर्ण सांगाडा क्वचितच मिळतो हे लक्षात ठेवा. सुट्या हाडांच्या ढिगात कमरेचं हाड शोधा, लांब दांडा आणि एका टोकाला मांडीचं हाड बसायची वाटी, एवढ्यावरून बेडूक पकडता येतो.

आणि नुसत्या आकारावरून पूर्ण वाढलेला बेडूक की पिल्लू हे ठरवू नका हं. अर्जेंटिनात सापडलेल्या नोटोबॅट्राकस या जुन्या बेडकाच्या बेडूकमाशाचं, म्हणजे पिल्लाचं फॉसिल, जे २०२४ मध्ये जाहीर झालं, ते १६ कोटी वर्षं जुनं आणि तब्बल १६ सेंटीमीटर लांब आहे, जवळपास पूर्ण वाढलेल्या बेडकाएवढंच. अशा वेळी कल्ल्यांचा सांगाडा दिसतोय का ते आधी तपासा, दिसला तर तो बेडूकमासा.